कुंडीतलं झाड

"काही बिघडलं का त्याचं?" असं माझी लेक मनू म्हणाली. झाडाबद्दल म्हणाली, हे मलाही कळतं. तरी शनिवारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पतिउद्यानातलं पाम हाउस बघायचं कित्येक वर्षं मनात होतं. 1844 ते 1848 या काळात, जहाजं बांधतात त्या तंत्राने उभारलेलं लोखंड-काचेचं घर. पूर्वी त्याच्या तळघरात भट्ट्या पेटत आणि धूर भुयारातून लांबच्या मनोऱ्यात सोडत. आपल्याकडे परसात फुकट मिळणाऱ्या हवेसाठी केवढी ही यातायात! आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. कोकणातल्या जुलैचा वास आला. फणस दिसला, मिरीचा वेल दिसला. एकदम रडू आलं, पण ते जाऊ दे.

मग ते झाड. दक्षिण आफ्रिकेतला सायकॅड, ताडासारखा दिसणारा, फार प्राचीन कुळातला. क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसनने तो बोटीतून आणला आणि 1775 मध्ये तो क्यूमध्ये पोचला. म्हणजे सवाई माधवराव पाळण्यात होते तेव्हा! तेव्हापासून तो कुंडीतच आहे. वर्षाला जेमतेम इंचभर वाढतो. खोड आडवं कललेलं, एखादा म्हातारा कठड्याला टेकून उभा असावा तसं, खाली लोखंडी टेकू. झडलेल्या पानांचे देठ खोडावर खवल्यांसारखे राहिलेत, शेंड्याला मात्र कोवळा, टवटवीत पिसारा.

मी म्हटलं, "अडीचशे वर्षं कुंडीत गं!" तर मनू म्हणाली, "मग? काही बिघडलं का त्याचं?"

त्याआधीचे दोन दिवस घरात कोथरूडच्या जागेवरून जे चाललं होतं, त्यावर हे उत्तर होतं का? तिच्या आवाजात तसं काही नव्हतं. पण मला तेच ऐकू आलं. बिघडलं नाही, कबूल. पाणी वेळेवर, ऊब वेळेवर, 2009 मध्ये नवी लाकडी पेटीसुद्धा मिळाली. पण मुळांना जमीन नाही ना? आणि ज्या मातीतून उपटून आणलं, तिथे उरलेल्या खड्ड्याचं काय झालं, हे कोण विचारतं? रात्रभर मी त्या खड्ड्याचाच विचार करत होते. ह्यांच्या खुर्चीचा, गॅलरीतल्या तुळशीचा, संध्याकाळी सातनंतरच्या घराचा.

क्यूमधल्याच टेम्परेट हाउस या दुसऱ्या काचघरात आणखी एक सायकॅड आहे. त्याच्या जातीचं एकच झाड 1895 मध्ये जंगलात सापडलं, तेही नर. मादी आजवर कुणालाच दिसलेली नाही. त्याच्यापाशी आम्ही दोघी फार वेळ थांबलो नाही.

आज सकाळपासून मात्र वेगळंच आठवतंय. पाम हाउसमधल्या त्या झाडाला शंकू (त्याचं फूलच म्हणा) आला तो एकदाच, 1819 मध्ये. म्हणजे येऊन चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर. मॅसनला ज्यांच्या सांगण्यावरून आफ्रिकेला पाठवलं होतं, ते जोसेफ बँक्स तेव्हा संधिवाताने पार थकले होते, पाय गेले होते. तरी ते बघायला आले. पुढच्याच वर्षी वारले. त्या म्हाताऱ्याने काय केलं असेल? नुसतं बघितलं असेल, डोळे भरून. मनूलाही इथे येऊन किती वर्षं झाली? परवा तिच्या ऑफिसातली माणसं घरी आली होती, त्यांच्यात ती किती मोकळी हसत होती. तसं हसताना मी तिला पुण्यात पाहिलेलं नाही. हे मान्य करताना पोटात तुटलं, पण मान्य आहे.

जेवताना तिला म्हटलं, "पुढच्या वेळी मेमध्ये तिकीट काढ, तुमची थंडी मला सोसत नाही." लगेच फोन काढून तारखा बघायला लागली वेडी. कोथरूडच्या जागेचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.