क्रोम 109 ला निरोप देण्याआधी

मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला इंटरनेट एक्सप्लोरर 11 चा आधार काढून घेतला आणि वेबसाइट बनवणाऱ्या बऱ्याच टीमनी जुन्या ब्राउझरचा विषयच मिटवून टाकला. तो मिटलेला नाही. विंडोज 7 आणि 8.1 वर क्रोम 109 च्या पुढे जात नाही. अँड्रॉइड 7 वर तो 119 ला थांबला, अँड्रॉइड 8 आणि 9 वर 138 ला. आयफोन 6 ला आयओएस 12 च्या पुढचं काही मिळत नाही, आणि आयफोनवरचा सफारी आयओएसबरोबरच बदलतो. या लोकांना ‘ब्राउझर अपडेट करा’ सांगणं निरर्थक आहे, कारण त्यांच्याकडे अपडेट पोचतच नाही. शिवाय विंडोज 7 चं मशीन पुष्कळदा दुकानातलं किंवा कॉलेजच्या लॅबमधलं असतं आणि समोर बसलेल्याला नवं काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते.

म्हणून ‘ब्राउझरचा वापर दोन टक्क्यांखाली गेला की सोडा’ हा नियम मला मान्य नाही. कोणतं पान बंद पडलं तर माणसाचं काम अडतं, हे आधी ठरवा. फोटोंची गॅलरी जुन्या फोनवर विस्कटली तर विस्कटू दे. पण प्रवेशअर्ज, वीजबिल, दवाखान्याची वेळ घेणं अशा पानांवर अर्धा टक्का लोकही खरी माणसं असतात आणि त्यांना दुसरा रस्ता नसतो.

मोजताना एक चूक हमखास होते. ॲनालिटिक्सची, म्हणजे भेटी मोजणारी, स्क्रिप्ट जुन्या ब्राउझरवर चालली नाही, तर तो माणूस आकडेवारीत येतच नाही, आणि मग ‘असं कोणी येतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, बघा. फॉर्मचं पान उघडणारे किती आणि तो फॉर्म पाठवणारे किती, हे ब्राउझरच्या मुख्य आवृत्तीप्रमाणे वेगळं काढा. क्रोम 109 वर शंभरांनी पान उघडलं आणि पाठवला तिघांनीच, तर तिथे काहीतरी मोडलंय. युझर एजंटमधल्या, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो त्या ओळीतल्या, विंडोज किंवा अँड्रॉइडच्या आकड्यावर मात्र विसंबू नका; क्रोमने ते गोठवून टाकलेत. जुन्या क्रोमचं नाव लावून फिरणारे बॉटही आधी वगळा.

आता मोडतं काय, ते. सगळ्यात वाईट म्हणजे जावास्क्रिप्टची नवी वाक्यरचना. प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून (?.) लिहायची पद्धत क्रोम 80 आणि आयओएस 13.4 पासून आली. आयओएस 12 ला ती दिसली की ती एकच ओळ नाही, अख्खी फाइल रद्द होते. चूक झेलणाऱ्या ट्राय-कॅचचा उपयोग नाही, कारण फाइल वाचतानाच गाडी अडते. यावर इलाज सोपा आहे: नवा कोड जुन्या रूपात बदलणाऱ्या बेबल किंवा ईएसबिल्डला लक्ष्य आवृत्ती नीट सांगा आणि बाहेरून आणलेली पॅकेजेसही त्यातून जाऊ द्या. बहुतेक वेळा फट तिथेच राहते.

पण ही साधनं फक्त वाक्यरचना बदलतात, नव्या मेथड (भाषेतल्या तयार क्रिया) भरून देत नाहीत. ॲरेची, म्हणजे यादीची, क्रमाने लावलेली प्रत देणारी ‘टू-सॉर्टेड’ मेथड क्रोम 110 मध्ये आली, म्हणजे 109 च्या बरोबर पुढच्या आवृत्तीत. बिल्ड (साइटचा तयार झालेला कोड) हिरवा, म्हणजे बिनचूक, दिसतो, पान उघडतं आणि यादी क्रमाने लावायच्या क्षणी स्क्रिप्ट थांबते. त्यासाठी कोअर-जेएस या संग्रहातलं पॉलिफिल (नसलेली मेथड भरून देणारा कोड) वेगळं जोडावं लागतं, किंवा ॲरेची प्रत काढून साधं ‘सॉर्ट’ वापरायचं.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये न समजलेली ओळ ब्राउझर सोडून देतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. तीन ठिकाणी हा भरवसा फसतो. पहिलं, स्वल्पविरामाने जोडलेल्या सिलेक्टरांत (नियम कोणाला लागू, हे सांगणाऱ्या भागांत) एकही अनोळखी असला तर पूर्ण नियम जातो. ‘हॅज’ हा सिलेक्टर क्रोम 109 ला कळतो, पण त्याच विंडोज 7 वर चालणाऱ्या फायरफॉक्स 115 ला कळत नाही. असा सिलेक्टर वेगळ्या नियमात लिहा. दुसरं, ‘ओकेएलसीएच’ या नव्या पद्धतीने लिहिलेले रंग क्रोम 111 पासून चालतात. आधी जुना रंग, खाली नवा, ही युक्ती थेट रंग लिहिला तरच लागू पडते. रंग व्हेरिएबलमधून (नाव देऊन साठवलेल्या किमतीतून) आला तर ब्राउझर ओळ आधी स्वीकारतो, किंमत नंतर बाद ठरते, आणि तोवर वरची ओळ गेलेली असते. बटणाची पार्श्वभूमी पारदर्शक होते, त्यावरची पांढरी अक्षरं पांढऱ्या पानात गडप. व्हेरिएबलमध्ये जुना रंगच ठेवा आणि नवा ‘सपोर्ट्स’च्या, म्हणजे ‘ब्राउझरला हे येत असेल तरच’ या, अटीत घाला. तिसरं, फ्लेक्स मांडणीतला ‘गॅप’, म्हणजे घटकांमधलं अंतर. तो सफारीत 14.1 पासून आहे, पण ‘सपोर्ट्स’ने विचारलं तर आयओएस 12 सुद्धा हो म्हणतो, कारण ग्रिड या दुसऱ्या मांडणीतला गॅप त्याला येतो. तिथे सरळ मार्जिन द्या.

टेलविंड 4 हा तयार सीएसएसचा संच घेणार असाल तर त्याची किमान मर्यादा क्रोम 111, सफारी 16.4 आणि फायरफॉक्स 128 आहे. म्हणजे विंडोज 7 सोडायचा निर्णय तुमच्या वतीने होऊन जातो.

जिओफोनमधल्या कायओएस 2.5 या प्रणालीचं ब्राउझर-इंजिन गेको 48 आहे, पडदा 240 बाय 320 चा. त्याला मॉड्यूल पद्धतीची (type="module" लिहिलेली) स्क्रिप्ट कळत नाही, म्हणून ती तो शांतपणे टाळतो. खाली साधा एचटीएमएल फॉर्म असेल आणि तपासणी सर्व्हरवर होत असेल, तर तो फॉर्म तसाच पाठवला जातो. वेगळा बिल्ड लागत नाही.

एका जागी मात्र सवलत देऊ नये. जुन्या ब्राउझरसाठी टीएलएस 1.0 आणि 1.1, म्हणजे साइटशी होणारा संवाद गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या जुन्या, कमकुवत आवृत्त्या, चालू ठेवू नका. साइटला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सुरक्षा-प्रमाणपत्र असेल तर अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या फोनवर क्रोममध्ये इशाराच दिसतो, कारण नवं रूट (ज्यावर विश्वास टेकतो ते मूळ प्रमाणपत्र) त्या फोनमध्ये नाही आणि जुन्या रूटकडून मिळालेली जोड 30 सप्टेंबर 2024 ला संपली. फायरफॉक्स स्वतःची रूट यादी बाळगतो, तेवढी वाट उरते.

ज्यांना सोडायचं ठरलं त्यांच्यासाठीचा संदेश स्क्रिप्टने दाखवू नका. स्क्रिप्टच तर चालत नाही. तो एचटीएमएलमध्ये आधीच लिहा, सीएसएस ॲनिमेशनच्या विलंबाने आठ-दहा सेकंदांनी दिसू द्या आणि मुख्य स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत काढून टाका. संदेशात ‘अपडेट करा’ऐवजी कार्यालयाचा फोन नंबर, वेळ आणि सोबत आणायची कागदपत्रं लिहा.