ढेकळातला जपान

आज शेततळ्याचं खोदकाम होतं. जेसीबीनं तीन-चार फुटांखालून काढलेलं काळ्या मातीचं एक ढेकूळ हातानं फोडलं, तर आत तेल चोपडल्यासारखी चकाकी आणि बारीक रेघोट्या. बाबा म्हणाले, "काय पाह्यतं वं त्या ढेकळात?"

मी जपान पाहत होते! 2011 च्या तिथल्या भूकंपानंतर, 2012 मध्ये 'चिक्यू' या समुद्रतळ खोदणाऱ्या जहाजानं जवळपास 7 किलोमीटर पाण्याखाली, समुद्रतळाच्याही 800 मीटर आत भोक पाडलं. पृथ्वीच्या कवचाचा एक अवाढव्य तुकडा, म्हणजे प्लेट, दुसरीखाली जाते त्या पट्ट्यातून वर आली खवल्याखवल्यांची चिकणमाती. सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यांच्या कडांना चपटे कण एकाच दिशेला निजलेले, वाऱ्यानं लोळवलेल्या गव्हासारखे. त्यात भरपूर स्मेक्टाइट, म्हणजे आपल्या कपाशीच्या मातीतलंच खनिज. ओलं झालं की भलतं निसरडं. त्या भूकंपात समुद्रतळावरच्या खोल खंदकाजवळ प्लेट सुमारे 50 मीटर सरकली, त्यात याचाही हात.

आपल्या शेताखाली प्लेट सरकणं-बिरकणं काही नाही हं. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आतल्या आत घासते, त्याची ही चकाकी.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "मंग पावसायात बैलं घसरते थे काई उगाच नाही."

ढेकूळ पिशवीत टाकून घरी आणलंय. आई विचारतेय, हे कुठं ठेवू?