‘हिका दमो आसा’

दसरा होऊन गेला होता, रापणीचे दिवस. देवगड तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात ओपीडी उठायच्या बेतात असताना एक सासू सुनेला धरून घेऊन आली. पोर तेवीस-चोवीसची, सहावा महिना.

“डॉक्टरांनू, हिका दमो आसा. आडवी पडाक गावना नाय, बसान रात काढता.”

पिशवीतून दम्याचा पंप निघाला. वर्षभर तोच चालू होता. छातीत घरघर होतीच, सिस्टरने नेब्युलायझर भरायलाही घेतला. मी थांबवलं, कारण नाडी १३० होती आणि फुफ्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांसारखा बारीक आवाज येत होता. ओठ फिके, पण गाल लालसर. दम्यात असं दिसत नाही.

छातीला स्टेथोस्कोप लावला, तरी ठोक्यांच्या गडबडीत काही उमगेना. मग पाठीशी उशा देऊन तिला अर्धवट डाव्या कुशीवर वळवलं, पंखा बंद करायला लावला आणि स्टेथोस्कोपची बेलची, म्हणजे वाटीसारखी बाजू अगदी हलकेच टेकवली. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, लांब घाटात ट्रक चढत असावा तशी खालच्या पट्टीतली गुरगुर.

“लहानपणी सांधे धरले होते का गं?”

ती धापा टाकत म्हणाली, “तिसरीत आसताना. आधी गुडघो सुजलो, तो बरो झालो तसो कोपर.” घरच्यांनी वात म्हणून तेल चोळलं होतं.

तो संधिवाताचा ताप. घशाच्या जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. सांधे बरे होतात, हृदयाच्या झडपा मात्र हळूहळू आखडत जातात. हिची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, अरुंद झाली होती. गरोदरपणात रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते त्या फटीतून पुढे सरकेना आणि फुफ्फुसात तुंबत होतं. दम्याच्या औषधाने ठोके आणखी वाढतात, हृदयाला भरायला वेळच उरत नाही. वर्षभर कुणीच तिला कुशीवर वळवून ऐकलं नाही, याचा मला फार राग आला, अजूनही येतो.

पाय खाली सोडून बसवलं, ऑक्सिजन लावला, शिरेतून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं. लघवी होऊ लागली. तासाभराने ती एका दमात म्हणाली, “माका पाणी व्हया.” सासूने तोंडाला पदर लावला. १०८ बोलावून गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात पाठवलं, चिठ्ठीवर ‘दमा नाही’ मोठ्या अक्षरांत लिहिलं.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेचं तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर निघालं. निरोगी झडपेचं ४ ते ६ असतं. ठोके कमी करणाऱ्या गोळ्यांवर ठेवून, पोटावर शिशाचं आवरण घालून, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. इनोए या जपानी शल्यविशारदाने १९८० च्या दशकात शोधलेली ही पद्धत, छाती न फाडता होते. मुलगी दिवस भरून झाली, अडीच किलोची.

तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून आता पेनिसिलीन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, पुढची कित्येक वर्षं. झडप पुन्हा आखडू शकते, म्हणून अधूनमधून इकोही. इंजेक्शन भयंकर दुखतं. पण सासू कालनिर्णयावर खूण करून ठेवते, चुकू देत नाही. परवाचं सव्विसावं होतं. येताना नातीलाही आणली होती, घसा बघायला. दोन दिवस ताप होता म्हणून.