बरणीत काय होते?

चित्रांच्या दालनात मला गाइड नकोसा वाटतो. चित्रापुढे आपण आपल्या मर्जीने उभे राहावे, कंटाळा आला की पुढे सरकावे आणि आपले मत चुकीचे असले तरी ते आपलेच असावे, अशी माझी समजूत आहे. लंडनमधील जुन्या औषधांचे संग्रह पाहताना मात्र ही समजूत मी निमूटपणे बाजूला ठेवते, कारण औषधाच्या बरणीइतकी मुकी वस्तू दुसरी क्वचितच असेल. पांढऱ्या झिलईवर निळ्या अक्षरांत लिहिलेली, भोवती पंख पसरलेले देवदूत किंवा मोर रंगवलेली सतराव्या शतकातील लॅम्बेथची बरणी दिसायला सुरेख असते. पण तिच्यावरची तोडकीमोडकी लॅटिन अक्षरे वाचून सामान्य माणसाला काहीच कळत नाही आणि बरणी आतून रिकामी असल्यामुळे वास घेऊन पाहण्याचीही सोय नसते. मग कोणीतरी सांगावे लागते की चोच असलेली बरणी सरबतांची व तेलांची, बिनचोचीची मलमांची आणि अवलेहांची. तोंडाची कड बाहेर वळवलेली आहे ती चामड्याचे किंवा जाड कागदाचे झाकण दोरीने आवळून बांधता यावे म्हणून. एवढे ऐकले की कपाटातील रांग एकदम दुकान वाटू लागते.

लंडनमध्ये अशा फेऱ्यांना तोटा नाही. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या फार्मास्युटिकल सोसायटीने पुढच्याच वर्षापासून जमवायला घेतलेला संग्रह आहे, ब्लॅकफ्रायर्स भागात अपोथेकरी मंडळींचा, म्हणजे जुन्या काळच्या औषध बनवणाऱ्यांच्या संघाचा, हॉल आहे, चेल्सीला वनौषधींची बाग आहे आणि सायन्स म्युझियममध्ये वैद्यकाची प्रशस्त दालने आहेत. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात करावी ती लंडन ब्रिज स्टेशनाजवळच्या सेंट थॉमस चर्चच्या माळ्यापासून, असे मी सुचवेन. तिथे पोहोचायला ५२ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना चढावा लागतो. आधारासाठी दोर धरत वर गेलेली मंडळी धापा टाकत असल्यामुळे पहिली दोन मिनिटे गाइडला आयती शांतता मिळते आणि जाणते गाइड तिचा पुरेपूर उपयोग करून घेतात.

हा माळा सेंट थॉमस रुग्णालयाच्या औषधकाराचा वनस्पती वाळवण्याचा आणि साठवण्याचा माळा होता. लाकडी तुळयांखाली ती कोरडी, उबदार जागा पाल्यासाठी उत्तमच. अफूची सुकलेली बोंडेही इथेच सापडली. १८२२ मध्ये या माळ्याचा एक भाग शस्त्रक्रियेसाठी वेगळा काढण्यात आला, कारण स्त्रियांचा वॉर्ड भिंतीला लागूनच होता आणि तोवर शस्त्रक्रिया वॉर्डातच, इतर रुग्णांच्या देखत उरकल्या जात असत. मध्यभागी लाकडी टेबल, त्याच्या खाली रक्त टिपण्यासाठी भुशाची पेटी आणि तिन्ही बाजूंना विद्यार्थ्यांनी उभे राहून पाहण्यासाठी चढत्या ओट्या. लंडनमध्ये ईथरची भूल १८४६ च्या अखेरीस आली; म्हणजे जवळजवळ पाव शतक इथे जे झाले ते रुग्ण शुद्धीत असताना झाले. १८६२ मध्ये रेल्वेसाठी रुग्णालयाला जागा सोडावी लागली, माळ्याची वाट बंद झाली आणि लोक तो चक्क विसरून गेले. १९५६ मध्ये चर्चच्या इतिहासाचा शोध घेणारे रेमंड रसेल शिडी लावून वर चढले, तेव्हा शहराच्या ऐन गर्दीतील ही जागा धुळीखाली तशीच असल्याचे आढळले.

बहुतेक पाहुण्यांचे लक्ष अर्थातच टेबलाकडे आणि करवतींकडे जाते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण माझ्या मते या जागेचा खरा अर्थ टेबल आणि पाला शेजारी शेजारी असण्यात आहे. कापणाऱ्याची कीर्ती ओट्यांवरील विद्यार्थ्यांनी सर्वत्र नेली. वाळवणारा, कुटणारा, गाळणारा आणि रात्री उठून काढा उकळणारा माणूस मात्र पडद्यामागेच राहिला. त्याची पायरी कोणती, यावरून लंडनमध्ये दोनशे वर्षे वाद चालला. १६१७ पर्यंत अपोथेकरी हे किराणा व्यापाऱ्यांच्या संघाचा एक भाग होते. पहिल्या जेम्स राजाने सनद देऊन त्यांना वेगळे केले तेव्हा मिरी विकणे आणि औषध बनवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असे प्रथमच अधिकृतपणे ठरले. त्यांचा हॉल १६६६ च्या आगीत जळाला आणि काही वर्षांतच पुन्हा उभा राहिला. तिथे औषधे बनवण्याची प्रयोगशाळाही होती आणि नौदलाला व ईस्ट इंडिया कंपनीला तिथूनच पेट्या भरून जात. या मंडळींच्या मानचिन्हावर गेंडा आहे. कारण गेंड्याचे शिंग औषधी असते, अशी जुनी समजूत होती. कवी कीट्स याच संस्थेची परीक्षा १८१६ मध्ये उत्तीर्ण झाला होता, आणि स्त्रियांना डॉक्टर होण्याची वाट बंद असताना एलिझाबेथ गॅरेट यांनी १८६५ मध्ये नियमांतील फटीतून तिचा परवाना मिळवल्यावर ती फट संस्थेने तत्परतेने बुजवली, ही गोष्ट तर प्रत्येक फेरीत सांगितली जायला हवी.

फेरीत हसू येण्याची जागा ठरलेली असते. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १६१८ मध्ये काढलेल्या लंडन फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत सूचीच्या, जुन्या आवृत्त्यांतील यादी वाचून दाखवली की गांडुळे, विषारी सापाचे मांस, ममीची भुकटी आणि मृताच्या कवटीवर उगवलेले शेवाळ ऐकून मंडळी खुदखुदू लागतात. थेरियाक या सर्वरोगहारक अवलेहात साठ-पासष्ट घटक असत, आणि विषावर उतारा म्हणून राजेलोक तो जवळ बाळगत. चांगला गाइड हे हसू अडवत नाही. तो फक्त सांगतो की त्या साठांत एक अफू होती. म्हणजे दुखणे थांबत होते, खोकला थांबत होता, झोप लागत होती आणि त्याचे श्रेय उरलेल्या एकोणसाठांना मिळत होते. १७४५ मध्ये डॉक्टर विल्यम हेबर्डेन यांनी या प्रकारावर कठोर टीका केली, तरीही फार्माकोपियातून थेरियाक वगळले गेले ते १७८८ च्या आवृत्तीत. ज्या औषधाने थोडेफार बरे वाटते त्याच्याबद्दल शंका घेणे किती कठीण असते, हे मला तेव्हा कळले. आणि आपल्याकडेही साठ घटकांची नावे वेष्टनावर अभिमानाने छापणारी चूर्णे अजून खपतात, हे आठवून माझे हसू जरा आवरले.

आपल्या मुलखाशी थेट नाते सांगणारी वस्तू याच कपाटांच्या आसपास भेटते. बेझोआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात तयार होणारा खडा. तो कोणतेही विष उतरवतो असा युरोपात पक्का विश्वास होता. फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे या शल्यवैद्याने सोळाव्या शतकात त्याची परीक्षा पाहिली. चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि पाठोपाठ बेझोआर देण्यात आला. वाचला तर सुटका, असा सौदा होता. सात-एक तासांनी तो तळमळत मेला. खड्याची बाजारातील किंमत मात्र त्याने उतरली नाही. उलट खरे खडे पुरेनात, तेव्हा गोव्यातील जेझुइटांनी सतराव्या शतकात कृत्रिम खडे घडवायला घेतले. गास्पार अंतोनियो या धर्मबंधूचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. माती, कस्तुरी, अंबर, पोवळे, मोती आणि रत्नांचा चुरा यांचा गोळा करून त्यावर सोन्याचा वर्ख चढवत, आणि श्रीमंत गिऱ्हाईक तो सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवून पेयात थोडा थोडा खरवडून घेई. हेन्री वेलकम या औषध-कारखानदाराने जगभरातून जमवलेल्या दहा लाखांहून अधिक वस्तूंमध्येही असा ‘गोवा स्टोन’ आहे. डबी पाहिली की कारागिराला दाद द्यावीशी वाटते. आतल्या गोळ्याबद्दल न बोललेलेच बरे.

पण गोव्याची आठवण केवळ या गोळ्यावर संपवणे मला अन्यायाचे वाटते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, तीसेक वर्षे इथल्या वैद्य-हकिमांकडून आणि व्यापाऱ्यांकडून विचारून विचारून शिकला आणि हिंदुस्थानातील औषधींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. युरोपातील ग्रंथकार काहीही म्हणोत, मी डोळ्यांनी पाहिले ते असे आहे, हा त्याचा सूर त्या काळात धाडसाचा होता. तो मूळचा ज्यू होता, हे कारण पुढे करून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली.

विषाच्या बाटल्यांपाशी वातावरण बदलते. गडद निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, षट्कोनी आणि अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या या बाटल्या रात्री अंधारात किंवा मिणमिणत्या मेणबत्तीच्या उजेडात हात घातला तरी स्पर्शाने ओळखू याव्यात, अशा घडवलेल्या असत. गाइड ती बाटली हातात देतो तेव्हा बोटे आपोआप सावध होतात. संपूर्ण फेरीत मला सर्वांत आवडलेला हा क्षण आहे, कारण इथे वस्तूच स्वतःहून बोलते. ही सावधगिरी सुखासुखी आलेली नाही. १८५१ च्या कायद्याने सोमल (आर्सेनिक) विकताना वहीत नोंद करणे आणि त्यात काजळी किंवा नीळ मिसळणे सक्तीचे झाले होते. तरी १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड गावात मिठाईत स्वस्ताईसाठी मिसळायच्या पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून सोमल तोलून दिला गेला आणि पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन वीसेक माणसे दगावली, त्यांत मुलेही होती. दुकानातील पिंपावर धड चिठ्ठी नव्हती, एवढीच ती गोष्ट. १८६८ च्या फार्मसी कायद्याने विषे विकण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधविक्रेत्यांपुरता ठेवला, त्यामागे अशा घटना होत्या. खिडकीत रंगीत पाण्याचे मोठाले काचकुंभ मांडून गिऱ्हाइकाला दिपवणारा दुकानदार आणि बाटलीला कंगोरे पाडून गिऱ्हाइकाला वाचवणारा दुकानदार हे एकाच काउंटरमागे उभे असत. फेरीत पहिल्याचे छायाचित्र अधिक काढले जाते.

एका बाबतीत मात्र या फेऱ्यांवर माझा आक्षेप आहे. लाकडी खणांवरच्या सोनेरी पट्ट्या वाचत गेले की सोनामुखी, कुचला, किराईत, इसबगोल अशी ओळखीची मंडळी एकामागून एक भेटतात, कारण लंडनचे हे दुकान अर्ध्याहून अधिक दूरदेशीच्या मालावर चालत होते. ‘तिनेवेली सेना’ म्हणजे तमिळनाडूतील तिरुनेलवेलीची सोनामुखी. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचे जे खंड प्रसिद्ध केले, त्यांत अशा औषधींची मराठी नावेही नोंदलेली आहेत. ती त्यांना बाजारातील काष्ठौषधीवाल्यांकडून आणि वैद्यांकडूनच कळली असणार. फेरीत मात्र खण उघडला जातो, लॅटिन नाव उच्चारले जाते, उपयोग सांगितला जातो आणि खण बंद होतो. हा पाला कोणी तोडला, कोणी वाळवला, जहाजावर चढेपर्यंत त्याचे कोणाला किती मिळाले, हे विचारल्याखेरीज निघत नाही. विचारल्यावर गाइड उत्तर देतात आणि पुष्कळदा चांगले देतात, हेही नमूद केले पाहिजे. फार्मास्युटिकल सोसायटीकडचे वाळलेल्या औषधींचे नमुने १९८३ मध्ये क्यू येथील वनस्पती उद्यानाकडे गेले, त्यामुळे बरणी एका टोकाला आणि तिच्यात भरायचा माल शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशीही गंमत झाली आहे.

चेल्सीची बाग अपोथेकरी मंडळींनी १६७३ मध्ये आपल्या उमेदवारांना वनस्पती ओळखायला शिकवण्यासाठी थेम्सकाठी लावली. जागेचे मालक असलेले वैद्य हॅन्स स्लोन यांनी १७२२ मध्ये ती जागा वर्षाला पाच पौंड या भाड्याने कायमची त्यांच्या हवाली केली. इथली फेरी उघड्यावर असते, बरण्या नसतात, आणि तिथे आपली सदाफुली मानाने एका वाफ्यात बसलेली पाहून मला हसूच फुटले. कुंपणाशी उगवणाऱ्या, पाणी घातले नाही तरी फुलणाऱ्या या झाडापुढे बाकीचे पाहुणे आदराने वाकून पाटी वाचत होते. मूळची मादागास्करची ही सदाफुली मधुमेहावर चालते, अशी समजूत जमेकापासून आपल्या आळीपर्यंत सर्वत्र होती. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्यासाठीच तिचा अर्क तपासला, तेव्हा साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या रक्तपेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. त्यातून पुढे व्हिनब्लास्टीन हाती आले, आणि त्याच झाडातून मिळालेले व्हिनक्रिस्टीन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. म्हणून पाने चावू नयेत, कारण त्यांत जे आहे ते खरोखरीच जोरकस आहे, असे गाइडबाईंनी बजावले.

आमच्या गटातील एका वयस्क गृहस्थांनी यावर विचारले की मग मधुमेहाचे काय झाले. त्यासाठी डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडापर्यंत जावे लागले, बाई म्हणाल्या. इन्शुलिनची गोष्ट सायन्स म्युझियमच्या फेरीत ऐका, तिकडे जायची बस कोपऱ्यावरून मिळते. निम्मा गट त्याच पावली बसच्या दिशेने निघाला.