काळीचा उभा ग्रुप सुटला, स्कोप निर्दोष

मंडळी, काळीचा, म्हणजे माझ्या एअर रायफलीचा, ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) गोल झाला! १० मीटरवर, टेबलावर टेकवून, ८.४४ ग्रेनचे छर्रे, आणि सगळी भोकं एकमेकांत मिसळलेली. बाहेरून बाहेर मोजला तर ग्रुप एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जातो. पावसाळाभर ज्या उभ्या रेषेनं छळलं, ती गेली. कारण इतकं बारीक आणि इतकं सर्वसाधारण निघालं, की ब्रेक बॅरल (नळी बिजागरीवर मोडून स्प्रिंग ताणायची, म्हणजे चढवायची, रायफल) वापरणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं असं मला वाटतं. पंधरा हजारांच्या आत कोणती स्प्रिंगर (स्प्रिंगवरच्या पिस्टननं हवा दाबून छर्रा सोडणारी रायफल) घ्यावी, असं विचारणाऱ्यांसाठीही माझं उत्तर यामुळे बदललं आहे.

मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल: ब्रीचचा (नळी मागच्या नळकांड्याला मिळते त्या तोंडाचा) जुना वॉशर चपटा होऊन हवा सोडत होता. टिश्यू पेपरची पट्टी सांध्यावर ठेवून बार काढला की पट्टी उडायची. म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सीलचा संच मागवला, नवा वॉशर घातला, आणि त्याच सुमारास नवा स्कोपही चढवला. पट्टी उडायची थांबली. पण कागदावर छर्रे उभ्या रेषेत पडू लागले. आडवा पसारा जेमतेम ८ मिलिमीटर, उभा मात्र २५ च्या पुढे. १० मीटरच्या ऑलिंपिक कार्डावर काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे माझे छर्रे काळ्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत फिरत होते, आणि डावीउजवीकडे मात्र शिस्तीत.

स्कोपवर संशय जाणं स्वाभाविक होतं. स्प्रिंगरचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे येते, आणि पिस्टन नळकांड्याच्या टोकाला हवेच्या उशीवर आपटला की पुढे झेपावते. छर्रा तोवर नळीतच असतो. दारूच्या काडतुसाच्या बंदुकीसाठी बनवलेल्या स्कोपला मागचा एकच धक्का सोसायची सवय असते. पुढचा झटका त्याच्या आतल्या काचा हलवतो. शिवाय स्कोप धरणारा माउंट रेलवर मागे सरकण्याचा रोग सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी माउंटच्या मागे स्टॉप पिन लावली आणि रिंगचे स्क्रू पुन्हा आवळले. मग सांगलीच्या एका मित्राचा स्कोप उसना आणला, तोही खास स्प्रिंगरसाठी बनलेला. रेषा तशीच.

दस्त्याचे स्क्रू तपासले, घट्ट होते. छर्रे वजनानं निवडले. पकड बदलून पाहिली: पुढचा हात फक्त आधाराला, तळवा सपाट, रायफल मनासारखी हलू द्यायची. स्प्रिंगरला ही सैल पकडच मानवते आणि तिनं आडवा पसारा आणखी आवळला. उभा मात्र जागचा हलला नाही.

मग वेग मोजला. ७१२ ते ७४८ फूट प्रति सेकंद. अनेकांनी लगेच कळवलं, की हेच कारण, वेग खालीवर तर छर्रा खालीवर. पण गणित मांडा. या वेगानं छर्रा १० मीटर साधारण ०.०४६ सेकंदात कापतो आणि तेवढ्यात सुमारे एक सेंटिमीटर खाली येतो. वेगात ५ टक्के फरक म्हणजे या घसरणीत १० टक्के फरक, म्हणजे एक मिलिमीटर. मला हिशेब हवा होता २५ मिलिमीटरचा. लांब अंतरावर वेगातली तफावत खरोखर छळते, पण १० मीटरवर तिच्या डोक्यावर हे खापर फोडता येत नाही. हे गणित कागदावर उतरलं तेव्हाच माझी खात्री पटली, की नळी दर वेळी वेगळ्या कोनात उभी आहे.

आणि मग धागा सापडला. मित्राचा स्कोप परत द्यायचा म्हणून उतरवला आणि सहज उघड्या साइटवर काही छर्रे मारले. ग्रुप गोल! माझ्या डोळ्यांना उघड्या साइटवर जितका जमतो तितका, पण गोल. तीच रायफल, तेच छर्रे, तोच वॉशर.

ब्रेक बॅरलच्या रचनेत याचं उत्तर आहे. काळीवर पुढची माशी नळीच्या तोंडाशी आहे आणि मागची साइट नळीच्याच ठोकळ्यावर, म्हणजे दोन्ही नळीवर. नळी थोडी झुकलेली राहिली तर साइटही तिच्याबरोबर झुकतात. नेम धरताना तुम्ही नकळत रायफल उचलता आणि छर्रा योग्य जागी जातो. स्कोप मात्र मागच्या नळकांड्यावर बसतो. नळी झुकली तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. तो जिकडे पाहतो तिकडे नळी पाहत नाही. स्कोप खोटं बोलत नव्हता, सांधा दर वेळी वेगळा बसत होता.

खात्री करायला कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांनी नळकांडं व्ही-ब्लॉकमध्ये पकडलं, नळीच्या तोंडाशी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावला आणि म्हणाले, "उघडा, मिटा." रायफल चढवलेली नव्हती, छर्राही नव्हता. मी नळी थोडी मोडायचो, पुन्हा मिटायचो, आणि काटा दर वेळी वेगळ्या आकड्यावर. फरक जवळजवळ एक मिलिमीटर. अण्णांनी ब्रीचवर बोट फिरवलं. "अहो, वॉशर बसतोय कुठं? नुसता दबतोय. आज इतका, उद्या तितका."

त्यांचं बोट बरोबर जागी पडलं होतं. काळीवर बिजागरीच्या बोल्टपासून ब्रीचपर्यंत अंतर जेमतेम ४ सेंटिमीटर. तिथे नळी ०.०५ मिलिमीटर कमी मिटली, तर कोन १.२५ मिलिरेडियननं बदलतो, आणि १० मीटरवर छर्रा साडेबारा मिलिमीटर खाली जातो. ०.१ मिलिमीटर म्हणजे पंचवीस. कागदाच्या जाडीएवढी फट, आणि कार्डावर अख्खा काळा गोल. कडी अर्धवट लागलेल्या दारासारखं आहे हे: बाहेरून मिटलेलंच दिसतं.

विक्रेत्यानं पाठवलेला वॉशर जाड होता आणि कडकही. खाचेबाहेर तो पाऊण मिलिमीटरच्या वर उभा राहायचा. नळी धरून ठेवणारी खिटी स्प्रिंगच्या जोरावर आपल्या घरात शिरते. इथे वॉशर तिला शेवटचा केसभर प्रवास करूच देत नव्हता. थंड सकाळी रबर आणखी ताठ, दुपारी मऊ, थोडा वेळ मिटून ठेवली तर आणखी वेगळं. म्हणूनच मला कधी सकाळी दोन वेगळे ग्रुप दिसायचे आणि कधी संध्याकाळी बरा ग्रुप यायचा. वेगातली तफावतही त्यातूनच.

उपाय स्वस्तात झाला. हायड्रॉलिकच्या ओ-रिंगा विकणारं दुकान प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असतं. तिथून नायट्राइलच्या, ७० शोअर कडकपणाच्या, वेगवेगळ्या जाडीच्या रिंगा आणल्या. काळीला २.५ मिलिमीटर जाडीची बसली. ती खाचेबाहेर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर राहते: हवा अडवायला पुरेशी, खिटीला अडवण्याइतकी नाही. टिश्यूची पट्टी हलत नाही. खिटीचा उतार अण्णांनी बारीक पॉलिश करून दिला, मी तिथे मॉलिब्डेनमची पेस्ट चोळली आणि खिटीची मऊ पडलेली स्प्रिंग बदलली. बिजागरीचा बोल्ट इतका आवळला, की रायफल चढवल्यावर नळी ज्या कोनात सोडाल तिथेच थांबेल, आपोआप पडणार नाही. (ही परीक्षा घेताना एक हात नळीवरून काढू नका, चाप निसटला तर नळी वर झेपावते आणि बोटं जातात.) आता डायलचा काटा ०.१ मिलिमीटरच्या आत परत येतो. वेग ७४१ ते ७५२. ऊर्जा साडेतेरा जूलवरून चौदाच्या थोडी वर गेली. आनंद मला त्या आकड्याचा नाही, काट्याचा आहे.

तेलाबद्दल एकदा स्पष्ट लिहितो. दुकानात कुणी "आत दोन थेंब मशीन ऑइल सोडा" असं सांगितलं, तर ऐकू नका. बंद कोठीत पिस्टननं दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेट घेतं. धूर येतो, वेग उसळतो, सील जळतो आणि स्प्रिंग तुटते. जत्रेतल्या फुगे फोडायच्या जुन्या बंदुकांना चामड्याचा वॉशर असतो, त्याला तेल लागतं. आजच्या प्लॅस्टिक सीलला नाही.

आता निवडीकडे. "शिकारीला आणि निशाण्याला एकच रायफल सुचवा" असे निरोप येत राहतात. भारतात यातला पहिला अर्धा भाग निकालात निघालेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत जखमी करणं व तसा प्रयत्न करणंही येतं. पूर्वी कावळे, उंदीर, वटवाघळं उपद्रवी म्हणून वेगळ्या यादीत होती; २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. त्यामुळे घराच्या मागचा कावळाही नाही. ४.५ मिलिमीटर नळीची, २० जूलच्या आतली रायफल विनापरवाना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन मिळते, ०.२२ इंचीला परवाना लागतो. ही सवलत टिकावी असं वाटत असेल, तर रायफल कार्डाकडे आणि पत्र्याच्या लक्ष्याकडेच वळलेली असू द्या. मला यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. पाखरू मारण्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरचा दहाचा ठिपका पुसणं कितीतरी अवघड आहे.

निशाण्यासाठी घेताना खोक्यावरचा वेग वाचू नका. तो बहुधा अगदी हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो, आणि ध्वनीच्या वेगाजवळ गेलेला छर्रा डगमगतोच. दुकानात सांधा पाहा. नळी मोडून हलकेच मिटा, मग ठसक्यात मिटा; दोन्ही वेळी खिटीचा आवाज सारखा यायला हवा. नळीचं तोंड धरून आडवं हलवा. बिजागरीला आवळता येणारा बोल्ट आहे की नुसती ठोकलेली पिन, हे विचारा. पिन असेल तर सैलपणा आयुष्यभर तुमच्याजवळ राहील. मागची साइट नळीवर असेल आणि स्कोप लावायची घाई नसेल, तर स्वस्त रायफलही वर्षानुवर्षे छान मारेल. आपल्याकडे प्रीसीहोल आणि एसडीबी या कंपन्यांच्या स्प्रिंगर सहज पाहायला मिळतात, जुनी आयएचपी ३५ कुणाच्या माळ्यावर सापडली तर तीही. मात्र नाव बघून नव्हे, जी हातात येईल तीच रायफल तपासून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींचे सांधे वेगळे असतात.

गॅस रॅमचा (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूचं नळकांडं बसवण्याचा) बेत मी मागच्या नोंदीत जाहीर केला होता. तो आता रद्द. रॅमला स्प्रिंगचा पीळ आणि कंप नसतो हे खरं, पण सांधा तोच राहतो, आणि रॅम बिघडला तर घरी दुरुस्त होत नाही. सांध्याचा प्रश्न मुळापासून सोडवला आहे तो नळी न मोडणाऱ्यांनी. वायराउखची एचडब्ल्यू ७७ किंवा एअर आर्म्सची टीएक्स २०० यांची नळी पक्की असते, खालचा दांडा ओढून चढवतात. त्या माझ्या खिशाबाहेर आहेत. पण वायराउखच्याच जुन्या एचडब्ल्यू ३५ वर ब्रेक बॅरल असूनही डाव्या बाजूला हातानं सरकवायची कडी असते. ती सरकवल्याशिवाय नळी उघडतच नाही. हे लिहिता लिहिताच वाटतंय, की तशी कडी काळीच्या ठोकळ्याला बसवता येईल का? ठोकळ्याच्या उजव्या बाजूला जागा आहे. नळीला किंवा नळकांड्याला भोक पाडायचं नाही, एवढी अट ठेवून अण्णांशी बोलतो.

तोवर शेडमध्ये पत्र्याची लक्ष्यं उभी करायची आहेत. इंग्लंडात १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या फील्ड टार्गेटची ही देशी आवृत्ती: पुढे जाड पत्रा, त्यात ४० मिलिमीटरचं भोक, मागे पाकळी. छर्रा भोकातून गेला तरच पत्रा मागे पडतो, आणि दोरी ओढली की पुन्हा उभा राहतो. शिकारीची हौस ज्यांना आहे, त्यांनी हे करून पाहावं. २५ मीटरवर गुडघ्यावर बसून मारताना हात थरथरतात. पत्रा किंचित खाली झुकवून बसवायचा म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीकडे जातात, आणि चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहा नाही.

ज्यांच्याकडे डायल गेज आहे, त्यांनी आपापल्या ब्रेक बॅरलवर तो नळीच्या तोंडाशी लावून उघडमिट करून पाहावी आणि फरक कळवावा. रायफलीचं मॉडेल, वॉशरची जाडी आणि तो खाचेबाहेर किती आहे, एवढं लिहा. पुढच्या नोंदीत सगळ्यांचे आकडे एकत्र मांडतो.