होस्ट मेला, डिस्क शाबूत: शेअर्ड स्टोरेजवरच्या व्हीएम परत उभ्या करताना

तीन नोडचा प्रॉक्समॉक्स क्लस्टर, म्हणजे व्हीएम (आभासी कॉम्प्युटर) चालवणारे तीन जोडलेले सर्व्हर; अशा सर्व्हरला नोड किंवा होस्ट म्हणतात. मागे आयस्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून तिघांना मिळणारी डिस्क) आणि त्यावर शेअर्ड एलव्हीएम (त्या जागेचे व्हीएमसाठी तुकडे पाडणारी व्यवस्था). रात्रीचा बॅकअप चालू असताना तिसरा नोड बंद पडला आणि त्याच्यासोबत ११ व्हीएम गेल्या. हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे नोड पडला की त्याच्या व्हीएम दुसरीकडे आपोआप चालू करणारी सोय, लावलेली नव्हती, त्यामुळे आपोआप काहीच हलणार नव्हतं. १० व्हीएमच्या डिस्क स्टोरेजवर सुखरूप होत्या. एकीची डिस्क मात्र त्याच नोडच्या लोकल डिस्कवर होती. तिचं शेवटी सांगतो.

पहिली २० मिनिटं एकही व्हीएम चालू केली नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, म्हणून हे जरा सविस्तर. वेब स्क्रीनवर नोडपुढे लाल फुली दिसते तिचा अर्थ एवढाच, की इतर नोडना त्याचा आवाज ऐकू येत नाही. नुसती क्लस्टरची नेटवर्क केबल निघाली तरी तीच फुली दिसते. हाय अव्हेलेबिलिटी नसेल तर कोरम (क्लस्टरमधलं मतांचं बहुमत) गमावलेला नोड आपल्या व्हीएम बंद करत नाही. त्याचं कॉन्फिगरेशन फक्त वाचण्यापुरतं उरतं, पण चालू असलेल्या व्हीएम बिनदिक्कत स्टोरेजवर लिहीत राहतात. अशा वेळी तीच व्हीएम दुसऱ्या नोडवर चालू केली, की एकाच डिस्कवर दोन कर्नल लिहायला लागतात आणि फाइल सिस्टिमची काही मिनिटांत माती होते. व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस या फाइल सिस्टिममध्ये खुद्द डिस्कवरच लॉक असतो, तो अशा वेळी आडवा येतो. इथल्या शेअर्ड एलव्हीएमवर तसा पहारेकरी नाही. व्हीएमची कॉन्फिग फाइल ज्या नोडच्या फोल्डरमध्ये, तो नोड तिचा मालक, एवढाच काय तो करार.

म्हणून आधी आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून हाताळायची स्वतंत्र सोय) पॉवर स्टेटस विचारलं. उत्तर नाही. मदरबोर्डच गेला असेल तर त्यावरची मॅनेजमेंट चिपही गप्प बसते, त्यामुळे त्या गप्प बसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रॅकमागे जाऊन दोन्ही पॉवर केबल हाताने काढल्या. दोन्ही म्हणजे दोन्ही. एक काढून सर्व्हर बंद झाला असं समजणारे लोक आहेत. मग स्टोरेजच्या पॅनेलवर त्या नोडच्या इनिशिएटरची (स्टोरेजला जोडणाऱ्या बाजूची) सेशन शून्य झाल्याचं पाहिलं आणि लनवरचा (स्टोरेजने दिलेल्या डिस्कवरचा) त्याचा ॲक्सेसही काढून टाकला.

यानंतर दुसऱ्या नोडवर ‘पीव्हीईसीएम स्टेटस’, म्हणजे क्लस्टरची स्थिती दाखवणारी कमांड. तीनपैकी दोन मतं हजर, म्हणजे कोरम शाबूत. दोनच नोडचा क्लस्टर असता तर उरलेल्याला ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ सांगावं लागलं असतं. ती कमांड म्हणजे ‘मी एकटाच उरलोय’ अशी शपथ आहे. पॉवर केबल हातात असल्याशिवाय ती घेऊ नये.

व्हीएम हलवणं म्हणजे प्रत्यक्षात एक छोटी टेक्स्ट फाइल हलवणं. ‘/ईटीसी/पीव्हीई/नोड्स’ खाली प्रत्येक नोडचं फोल्डर असतं, त्यात ‘क्यूईएमयू-सर्व्हर’, आणि त्यात १०४ सारख्या नंबरच्या फाइली. कोरोसिंकमुळे (नोडना एकमेकांशी जोडून ठेवणारा प्रोग्राम) हे सगळं प्रत्येक नोडवर सारखं असतं, म्हणून मेलेल्या नोडच्या फाइलीही जिवंत नोडवर दिसतात. ‘एमव्ही’ने फाइल तिसऱ्या नोडच्या फोल्डरमधून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकायची, झालं. कॉपी करायला गेलात तर होणार नाही. एक नंबर एकाच नोडकडे असतो आणि ही फाइल सिस्टिम ते कटाक्षाने पाळते. मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) याच फाइलमध्ये असल्यामुळे डीएचसीपीचं, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेचं, आरक्षणही जसंच्या तसं राहतं. हलवण्याआधी सगळ्या फाइली एका साध्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवल्या होत्या.

कुठली व्हीएम कुठे न्यायची हे मात्र मेमरीने ठरवलं. ११ व्हीएमची मिळून मागणी १४८ जीबी. दुसऱ्या नोडवर ६१ जीबी मोकळी, पहिल्यावर ७४. हिशेब जुळत नाही, तेव्हा टेस्टिंगच्या दोन व्हीएम बंदच ठेवल्या. ‘चालू तर होतेय ना’ या परीक्षेवर इथे विसंबू नये. केव्हीएम (व्हीएम चालवणारा लिनक्सचा भाग) सगळी मेमरी सुरुवातीलाच घेत नाही. व्हीएम हसतखेळत चालू होते आणि तासाभराने मेमरी संपली, की लिनक्स एखादी मोठी प्रोसेस मारतो. आणि होस्टवर सगळ्यात मोठी प्रोसेस म्हणजे बहुधा तुमची डेटाबेसची व्हीएम.

चालू करण्याआधी ‘मल्टिपाथ -एलएल’ पाहिलं; नोडपासून स्टोरेजपर्यंतचे वेगवेगळे पाथ, म्हणजे वाटा, त्यात दिसतात. पहिल्या नोडवर चारही पाथ ठीक. दुसऱ्यावर चारपैकी दोन निकामी. काम चालू होतं म्हणून इतके दिवस कोणी पाहिलंच नव्हतं. एक ढिली केबल घट्ट बसवल्यावर दोन्ही परतले. मग ‘एलव्हीएस’मध्ये (एलव्हीएमवरच्या डिस्कची यादी) प्रत्येक नंबरची डिस्क आहे ना, तेवढं जुळवलं.

क्रम ठरलेला: आधी डीएनएस आणि डोमेन कंट्रोलर (नावं आणि लॉगिन सांभाळणारे), मग डेटाबेस, मग त्यांच्यावर चालणारी ॲप्लिकेशनं. पहिल्याच व्हीएमने ‘लॉक्ड, बॅकअप’ म्हणत नकार दिला. होस्ट मेला तेव्हा तिचा बॅकअप चालू होता आणि लॉकची नोंद फाइलमध्ये तशीच राहिली. ‘क्यूएम अनलॉक’ने सुटली. पुढच्या दोघींना सीडी ड्राइव्हमधली आयएसओ सापडेना, कारण ती मेलेल्या नोडच्या लोकल स्टोरेजवर. वर्षापूर्वी इन्स्टॉलेशन झाल्यावर सीडी काढायची राहून गेलेली. ड्राइव्ह रिकामा केला, चालल्या. एक व्हीएम व्यवस्थित चालू झाली, पण तिला नेटवर्क नाही. ब्रिजचं (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचचं) नाव दोन्ही नोडवर सारखं होतं, पण स्विचच्या त्या पोर्टवर ४० नंबरचा व्हीलॅनच (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) सोडलेला नव्हता. अर्धा तास यातच गेला, कारण सगळे व्हीएमच्या आत शोधत होते.

आतल्या डेटाचं म्हणाल तर व्हीएमच्या दृष्टीने ही फक्त अचानक गेलेली वीज. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिम आपापलं जर्नल (बदलांची नोंदवही) चालवून उभ्या राहिल्या, पोस्टग्रेस डेटाबेसने वॉल (त्याची तशीच नोंदवही) वाचून स्वतःला सावरलं. मात्र डिस्कचा कॅश मोड ‘अनसेफ’ असता तर हे इतकं सरळ झालं नसतं. त्या मोडमध्ये व्हीएमने ‘आता डिस्कवर लिही’ म्हटलं तरी होस्ट ते मनावर घेत नाही, आणि डेटा मेलेल्या होस्टच्या मेमरीत राहतो. एक्सएफएस माउंट होत नसेल तर घाईने ‘एक्सएफएस रिपेअर -एल’ मारू नका. त्याने लॉगच पुसला जातो, आणि शेवटचे बदल त्या लॉगमध्येच असतात.

कॉन्फिग फाइलच उरली नसेल तर काम वाढतं, पण अडत नाही. त्याच नंबरची नवी व्हीएम डिस्कशिवाय बनवायची आणि ‘क्यूएम डिस्क रिस्कॅन’ चालवायचं. जुनी डिस्क ‘अनयूज्ड’ म्हणून दिसते, ती जोडायची. बायोस की यूईएफआय (व्हीएम बूट करायची पद्धत) हे जुळलं नाही तर व्हीएम बूटच होत नाही, आणि डिस्क कंट्रोलर जुळला नाही तर विंडोज निळा स्क्रीन दाखवते. जमत नाही म्हणून ती नवी व्हीएम डिलीट मात्र करू नका. तिच्यासोबत खरी डिस्कही जाईल.

आता लोकल डिस्कवाली व्हीएम. तिचा त्या रात्रीचा बॅकअप अर्धवट होता, म्हणून आदल्या रात्रीचा घेतला आणि नव्या नंबरवर रिस्टोअर केला. ‘युनिक’ची खूण केली नाही, नाहीतर मॅक बदलला असता. एका दिवसाच्या फाइली मात्र तूर्त मेलेल्या नोडवर अडकल्या.

तीन दिवसांनी नवा मदरबोर्ड आला. जुना नोड परत येतो तेव्हा बहुमताकडचं कॉन्फिगरेशन घेतो, त्यामुळे हलवलेल्या नऊ व्हीएम त्याच्याकडे दिसणारही नव्हत्या. टेस्टिंगची एक त्याच्याकडेच ठेवली होती, तिची हरकत नव्हती. पण लोकल डिस्कवालीचा जुना नंबर अजून त्याच्याच फोल्डरमध्ये होता, ‘बूटला चालू कर’ या खुणेसह. नोड कोरममध्ये येताच ती चालू झाली असती, आणि तोच मॅक, तोच आयपी असलेल्या दोन व्हीएम नेटवर्कवर आल्या असत्या. म्हणून नोडची पॉवर लावण्याआधी दुसऱ्या नोडवरूनच तिच्या फाइलमधली ‘ऑनबूट’ शून्य केली आणि नेटवर्क कार्डाची ओळ काढली. स्टोरेजची केबलही क्लस्टर जुळेपर्यंत बाहेर ठेवली. नंतर ती व्हीएम नेटवर्कशिवाय चालू करून तिच्यात एक रिकामी डिस्क जोडली, अडकलेल्या फाइली त्या डिस्कवर काढल्या आणि ती डिस्क नव्या व्हीएमला लावली.