बसऱ्याला गेलेल्या पणजोबांच्या मागावर

आमच्या घरात पणजोबांची सगळी माहिती एका वाक्यात संपायची: "बसऱ्याला गेले, ते आलेच न्हाईत." गडहिंग्लज तालुक्यात अशा एका वाक्यावर थांबलेली घरं पुष्कळ आहेत. पहिलं महायुद्ध हे नाव पुस्तकातलं. आमच्या गावाच्या लेखी ती बसऱ्याची, म्हणजे आजच्या इराकातल्या बसरा बंदराकडची लढाई.

शोध सुरू झाला तो पुण्यातल्या घरात, लॅपटॉपवर. महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव टाकलं, आडनाव पोवार, आणि एकाच नावाचे दोन शिपाई समोर आले. एक 110व्या मराठा पलटणीतला, दुसरा 117व्या. दोघांच्याही पुढं कोल्हापूर लिहिलेलं, दोघांचीही नोंद बसरा स्मारकावर. गावांची नावं साहेबानं कानावर पडतील तशी लिहिली होती. 'गडहिंग्लज' या शब्दाचं रोमन लिपीत काय काय होऊ शकतं, हे ज्याचं त्यानं बघावं. दोन्ही नोंदींत वडिलांचं नाव मात्र होतं, आणि ती नावं वेगळी होती. अडचण एवढीच, की पणजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पदक असतं तर काम सोपं होतं. त्या युद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असायची. आमच्याकडं पदक आलं होतं. ते चांदीचं होतं, म्हणून आजोबांच्या कमरेला त्याचा करदोडा झाला. करदोडा पुढं कुठं गेला ते विचारण्यात अर्थ नाही.

कोल्हापुरात उतरलो तो थेट पुरालेखागार गाठायचं ठरवून. संस्थानचे मोडी कागद, रुमालांत बांधलेले, बघायची हौसही होती. पण एक गोष्ट तिथं बोलता बोलता स्वच्छ झाली, ती सांगून ठेवतो. तुमचा माणूस संस्थानच्या फौजेत होता की इंग्रजांच्या, हे आधी ठरवा. शाहू महाराजांच्या काळात इथली माणसं दोन्हीकडं होती. इंग्रजी पलटणीत गेलेला शिपाई दरबारचा नोकर नव्हे, त्याचा पगारपट दरबारी दप्तरात शोधून मिळायचा नाही. लंडनकडंही फार आशेनं बघू नये. ब्रिटिश सैनिकांच्या फायली तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आपल्या साध्या शिपायांच्या नाहीत. पंजाबवाल्यांचा मात्र हेवा वाटतो. लाहोरच्या संग्रहालयात त्यांच्या 3 लाख 20 हजार शिपायांची गाववार रजिस्टरं निघाली.

मोडी वाचणारा माणूस गाठणं हे आणखी एक काम. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जो तो जुनी दप्तरं उपसतोय, त्यामुळं मोडी वाचकांना मान वर करायला सवड नाही. मला भेटले ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही पहिलेच, ज्यांना जात नको, माणूस पाहिजे."

दुपार मोकळी होती म्हणून वळिवड्याला जाऊन आलो. 1943 पासून काही वर्षं तिथं पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी मंडळी आली, आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. कापडाच्या दुकानांतून वाट काढताना छावणीचा पत्ताही लागत नाही. पण पोलंडहून आणि इंग्लंडहून माणसं अजून इथं येतात. कुणी आपलं बालपण बघायला, कुणी आईचं, कुणी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतलं आजीचं थडगं शोधायला. आपण बसऱ्याकडं तोंड करून बसलेलो आणि ही मंडळी युरोपातून महावीर उद्यानातलं स्मारक विचारत येतात, याची मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कागल, निपाणी, संकेश्वर करत गडहिंग्लज. मध्ये कर्नाटक लागतं आणि संपतं. गावात चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, लहानपणी तिच्यावर चेंडू मारून खेळलोय. या गावातून महायुद्धात इतकी माणसं गेली, पैकी इतकी कामी आली, एवढाच मजकूर. नावं नाहीत. बसरा स्मारकावर 40 हजारांहून जास्त जणांची आठवण आहे, पण तिथंही भारतीयांपैकी दगडावर नावं आली ती अधिकाऱ्यांचीच. साधे भारतीय शिपाई पलटणीखाली आकड्यातच राहिले, नावं रजिस्टरात. या दुजाभावाची कबुली त्या कमिशननं 2021 साली दिली.

वडिलांचं नाव शेवटी सापडलं ते हेळव्यांकडं. ज्यांना हेळवी माहीत नाहीत त्यांच्यासाठी: बेळगावकडून हे वंशावळी सांगणारे लोक सुगीनंतर गावोगाव फिरतात, पूर्वी बैलावरून, आता आमच्याकडं येतात ते मोटरसायकलवरून. घराणं सांगितलं की वही उघडून पिढ्या म्हणायला लागतात, आणि नवी पोरं झाली असतील तर लिहून घेतात. त्यांना धान्य द्यायचं, जमलं तर कापड. आत्तीनं सोप्यात घोंगडं अंथरलं. हेळव्यानं वही पायावर ठेवली, आणि एका दमात मूळपुरुषापासून माझ्या चुलतभावाच्या पोरीपर्यंत आला. मध्येच पणजोबा गेले, त्यांच्याआधी त्यांचे वडील. मी फोनवरची यादी उघडली. 110वी पलटण.

मग पुढचं वाचायला वेळ लागला नाही. 110वी म्हणजे सहाव्या पुणे डिव्हिजनमधली, जनरल टाउनशेंडच्या हाताखालची. डिसेंबर 1915 पासून इराकातल्या कुत-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली. रसद संपल्यावर घोडे कापले, आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली, सुमारे 13 हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. भारतीय शिपायांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला नेलं, बगदाद रेल्वेच्या कामावर. वाटेत आणि कामावर मेलेल्यांची गणती मोठी आहे. पणजोबांची तारीख ऑगस्ट 1916 ची. (बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला कुणी लिहिणार असेल तर ध्यानात ठेवा: 1922 साली पलटणींचे नंबर बदलले. 110वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, आणि तीच पुढं पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. जुन्या नंबरावर विचारलं तर समोरचा गोंधळतो.)

इथं मी थांबलो असतो. पण चुलतभाऊ तहसील कचेरीत ओळख असलेला, म्हणाला, "आलायस तर वारस नोंद बघूनच जा की भावा." रेकॉर्ड रूममधलं ते पान मोडीत आहे. कोल्हापूरच्या त्याच गृहस्थांना फोटो पाठवला, रात्री उत्तर आलं: खातेदार मयत, जमीन मुलाच्या नावे, मुलगा अज्ञान (म्हणजे वयानं लहान), पालनकर्ती आई. आजच्या सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' दिसतं तेच. साल शके 1842, म्हणजे 1920.

पलटणीच्या हिशेबात माणूस 1916 ला गेला. गावाच्या हिशेबात 1920 ला. मी आत्तीला दोन्ही सालं सांगितली, तर तिला त्यात नवल वाटलं नाही. तिनं तिच्या आजीला, म्हणजे पणजोबांच्या बायकोला, पाहिलंय, म्हातारी 1970 च्या सुमारास गेली. "आजी सांगायची की, लढाई संपली तरी तिनं कुंकू पुसलं न्हवतं. दुसऱ्या गावचा एक कैदेतनं सुटून आला, त्यानं सांगितलं, तवा पुसलं. सासऱ्यानं जमिनीचं मग केलं." ही गोष्ट माझ्या वडिलांनी मला कधी सांगितली नव्हती. ठाऊकच नसेल. बायकांत राहिलेली माहिती बायकांनाच विचारावी लागते, आणि कागद शोधणारे आम्ही बहुतेक बाप्ये.

मधली चार वर्षं कुठल्याच दप्तरात नाहीत. पलटणीकडून काही कळवलं गेलं का, कळवलं तर ते वाचून दाखवणारा गावात कोण होता, फॅमिली पेन्शन कधी सुरू झाली, हे प्रश्न मी आता लिहून काढलेत. बेळगावच्या अर्जात तेच विचारणार आहे.

जेवताना चुलतभावानं तारखेवरून तिथी काढायची टूम काढली. पणजोबांचं घरात सर्वपित्रीलाच होतं, तिथी माहीत नसलेल्यांचं होतं तसं. आता तारीख आहे तर त्यांच्या तिथीला वेगळं पान वाढू, असं त्याचं म्हणणं. आत्तीनं वाटीत आमटी ओतत विचारलं, "कुठली तिथी? सायबाची का आजीची?" तो पंचांग आणायला उठला होता, तो परत बसला.